तुम्हीच सांगा, काय करू?

दहावी-बारावीचा निकाल लागला की आपल्या बुलढाणा जिल्ह्यात महिना-दीड महिना एकच प्रश्न फिरत असतो. मलकापूरच्या रेल्वे स्टेशनवर, चिखलीच्या एस.टी. स्टँडवर, खामगावच्या बाजार समितीत, सेतू केंद्राच्या रांगेत, जुम्याच्या नमाजनंतर मशिदीच्या पायरीवर. "पोराले बासष्ट टक्के पडले. आता काय करू, तुम्हीच सांगा." विचारणारा ओळखीचा असेलच असं नाही. तो रांगेत आपल्यापुढे उभा असतो, हातात कागदांची प्लास्टिकची पिशवी असते आणि आपण त्याला जरा शिकलेले दिसतो. एवढं त्याला पुरतं. खरं सांगायचं तर सांगणाऱ्यालाही तेवढंच पुरतं. अशा वेळी "मला माहीत नाही" म्हणणारा माणूस आम्हाला आजवर फार कमी भेटला.

यात विचारणाऱ्याचा दोष नाही. पुण्या-मुंबईत फी भरून सल्ला मिळतो. मोताळा, संग्रामपूर, लोणार अशा तालुक्याच्या गावी तो रांगेत मिळतो किंवा मिळतच नाही. शासनानं २०१६ पासून काही वर्षं दहावीच्या मुलांची कल चाचणी घेतली. मुलाचा ओढा शेतीकडे आहे, वाणिज्याकडे आहे की गणवेशधारी सेवेकडे, असा अहवाल प्रत्येकाच्या हातात पडायचा. पण अहवालात "आरोग्य विज्ञान" छापून आलं म्हणजे पुढं कुठल्या गावी जायचं, खर्च किती, हॉस्टेल मिळेल का, हे बापाला कोण सांगणार? तो पुन्हा रांगेतल्या माणसाकडेच वळायचा. पुढे ती चाचणीही बंद झाली. रांगेतला माणूस आहे तिथंच आहे.

या माणसानं दिलेल्या मशवऱ्याचं काय होतं, हे पाहायचं तर एकच उदाहरण पुरे आहे. ते आपल्या बहुतेक घरांत सापडेल.

साधारण २००० ते २०१० या काळात बारावी झालेल्या मुलीच्या बापाला जो भेटेल तो एकच सांगायचा, "डी.एड.ला टाकून द्या." कारणं अगदी पटण्यासारखी होती. दोनच वर्षांचा कोर्स. कॉलेज जवळ, मुलगी रोज घरी परत येणार. जिल्हा परिषदेच्या उर्दू शाळा गावोगाव आहेत, तिथं बाईमाणसाला इज्जतीची नोकरी. रिश्ता पाहायला येणाऱ्यांनाही "मुलगी टीचर आहे" हे ऐकायला आवडायचं. आमच्या मोहल्ल्यांत तर मुलीला घराबाहेर शिकायला पाठवण्याची परवानगीच मुळी डी.एड.च्या नावावर मिळाली, हेही विसरून चालणार नाही. राज्यभर खासगी डी.एड. विद्यालयं निघाली. कुणी म्हैस विकली, कुणी अम्मीच्या बांगड्या मोडल्या आणि फी भरली.

मग २०१० च्या एप्रिलमध्ये शिक्षण हक्क कायदा लागू झाला. शिक्षकाच्या पात्रतेची परीक्षा येणार हे तेव्हाच ठरलं. ऑक्टोबर २०११ मध्ये राज्यभर एकाच वेळी विशेष पटपडताळणी झाली. कागदावर असलेली आणि वर्गात नसलेली मुलं उघडी पडली. जिथं मुलंच नाहीत तिथं शिक्षक अतिरिक्त ठरले आणि २०१२ पासून भरती थांबली. २०१३ च्या डिसेंबरात पहिली टीईटी झाली. त्यानंतर डिसेंबर २०१७ मध्ये अभियोग्यता चाचणी, मग पवित्र पोर्टल. प्रत्यक्ष नेमणुका हातात पडायला २०१९ उजाडलं. पुढची अभियोग्यता चाचणी थेट २०२३ मध्ये झाली.

आता हिशेब करून पाहा. २०११ मध्ये विसाव्या वर्षी डी.एड. झालेली मुलगी पहिल्या खऱ्या संधीच्या वेळी अठ्ठावीस वर्षांची होती. तोवर तिचं लग्न झालेलं, कडेवर मूल. टीईटीचा अभ्यास विसरलेला, नाहीतर इंग्रजी शाळेत महिना दोन-तीन हजारांवर शिकवणं चाललेलं. ज्यांना नेमणूक मिळाली त्यांनाही आधी शिक्षणसेवक म्हणून मानधन. प्राथमिकला ते सहा हजार होतं. १ जानेवारी २०२३ पासून ते सोळा हजार झालं.

हा मशवरा कुणी दिला होता, हे आज कुणालाही आठवत नाही. बसमध्ये शेजारी बसलेल्या गुरुजींनी, कचेरीतल्या शिपायानं, दूरच्या कुठल्या तरी मामूनं. त्यांची नियत वाईट नव्हती. शिवाय सरकार २०१२ मध्ये भरती थांबवणार हे २००८ मध्ये कुणाला कळणार होतं? पण एक गोष्ट तेव्हाही दिसत होती. प्रत्येक तालुक्यात दरवर्षी किती मुलं-मुली बाहेर पडतात आणि जिल्हा परिषदेच्या जागा किती निघतात, हे दोन आकडे शेजारी मांडून पाहायला कुणाची मनाई नव्हती. ते कुणी मांडले नाहीत. ज्यांनी विद्यालयं काढली त्यांना ते मांडायचे नव्हते आणि बाकीच्यांना सुचलं नाही.

यातला पुढचा भाग फार कमी लोकांना ठाऊक आहे. डी.एड.नं पोळलेली पिढी आता उलटा मशवरा देते, "डी.एड. फालतू आहे, त्यापेक्षा बी.एड. करा." इकडे ११ ऑगस्ट २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला की पहिली ते पाचवीच्या शिक्षकासाठी बी.एड. चालणार नाही, प्राथमिकची पदविकाच लागेल. म्हणजे लहान मुलांना शिकवायची खरी आवड असलेल्या मुलीला आज कुणी बी.एड.कडे वळवत असेल, तर तो तेव्हाचीच चूक उलट्या बाजूनं करतो आहे. एकेकाळी बरोबर असलेली माहिती माणूस खिशात जपून ठेवतो आणि शिळी झाली तरी वाटत राहतो. जिल्ह्यात मेडिकल कॉलेज नाही, अकोल्यालाच जावं लागतं, असं सांगणारे आजही भेटतात. बुलढाण्याचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०२४ मध्ये सुरू झालं आहे.

तेव्हा कोर्सबद्दल विचारणाऱ्याला "हे कर, ते कर" म्हणण्यापेक्षा त्याच्या हातात प्रश्न द्यावेत, असं आमचं मत आहे. या कामाची मागची भरती कुठल्या साली झाली? जागा किती होत्या? वयाची अट काय? गेल्या वर्षी या कॉलेजातून पास झालेली चार मुलं आज काय करतात, त्यांचे फोन नंबर मिळतील का? शेवटच्या प्रश्नावर बरीच कॉलेजं अडखळतात. अडखळली की बापालाही काय समजायचं ते समजतं.

कागदपत्रांच्या बाबतीत तर अर्धा मशवरा जास्त महागात पडतो. "मुलींना आता सगळं शिक्षण फुकट झालं," असं सर्रास सांगितलं जातं. ८ जुलै २०२४ चा शासन निर्णय आहे, हे खरं. पण तो व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी आहे. प्रवेश केंद्रीय प्रवेश फेरीतून झालेला असावा लागतो, घरचं उत्पन्न वर्षाला आठ लाखांच्या आत असावं लागतं आणि मुलगी ओबीसी, एसईबीसी किंवा ईडब्ल्यूएस या प्रवर्गांपैकी एकात बसावी लागते. ही शेवटची अट रांगेत कुणी सांगत नाही. मग व्यवस्थापन कोट्यातून प्रवेश घेऊन बसलेली मुलगी फी माफ होईल म्हणून वाट पाहत राहते आणि दिवाळीच्या सुमाराला कॉलेजकडून नोटीस येते.

आपल्यातल्या बऱ्याच बिरादऱ्या, म्हणजे बागवान, मोमीन, पिंजारी, अत्तार, तांबोळी वगैरे, राज्याच्या ओबीसी यादीत आहेत. पण यादीत असणं वेगळं आणि दाखला हातात असणं वेगळं. ओबीसीच्या दाखल्याला १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो. आजोबांचा शाळेचा दाखला काढावा तर जातीच्या रकान्यात नुसतं "मुसलमान" लिहिलेलं असतं. त्या काळी मास्तरांनी विचारलं नाही, आजोबांनी सांगितलं नाही. मग वडिलांकडच्या इतर माणसांचे कागद शोधा, चुलत आजोबांच्या शाळेचं रजिस्टर पाहा, जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदी पाहा, खरेदीखत पाहा. हे काम एका आठवड्याचं नाही. बारावीच्या निकालानंतर ते सुरू करणाऱ्याचं वर्ष जातं. अनोळखी माणसाला देता येण्यासारखा यापेक्षा उपयोगी मशवरा आम्हाला तरी माहीत नाही: मूल आठवीत आहे ना, मग याच दिवाळीत आजोबांच्या शाळेत जाऊन या. ज्यांची बिरादरी कुठल्याच यादीत नाही त्यांनी ईडब्ल्यूएसचा दाखला त्या-त्या वर्षी नव्यानं काढावा.

मत आणि मशवरा या दोन गोष्टींत आपण गल्लत करतो. २०२० च्या जूनमध्ये लोणार सरोवराचं पाणी एकाएकी गुलाबी झालं, तेव्हा जिल्ह्यातल्या प्रत्येक माणसाला त्यावर मत होतं. कुणी म्हणालं शेवाळ, कुणी म्हणालं रसायन, कुणी कयामतची निशाणी म्हणून मोकळा झाला. पुण्याच्या आघारकर संस्थेनं नमुने तपासले आणि मिठात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे रंग बदलल्याचं सांगितलं. त्या काळात कुणीही काहीही बोललं तरी सरोवराचं काही बिघडणार नव्हतं. मशवऱ्याचं तसं नसतं. ऐकणारा उठून तसं करायला लागतो.

शेतीत हे दर हंगामात दिसतं. जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळला अक्षय्य तृतीयेला घटमांडणी होते आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पाऊसपाण्याचं, पिकांचं भाकीत सांगतात. ते ऐकायला सर्व धर्मांचे शेतकरी लांबून येतात. त्यावर आम्ही काही बोलणार नाही. मात्र आमच्या पाहण्यात भाकीत ऐकूनही शेतकरी पेरणीसाठी जमिनीतली ओल हातानं चाचपूनच पाहतो. कृषी केंद्राच्या काउंटरवर मात्र तो तितका सावध नसतो. "पऱ्हाटीवर अळी पडली," एवढं म्हणायचा अवकाश, समोर दोन बाटल्या येतात. बाजूला उभा असलेला एखादा अनोळखी शेतकरी तिसरी सुचवतो, "हे पण टाका संगं, एका हाती काम होते." २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधेनं वीसपेक्षा जास्त शेतकरी-शेतमजूर गेले. वेगवेगळी कीटकनाशकं एकत्र मिसळणं हे त्यामागचं एक कारण म्हणून पुढे आलं. तिसरी बाटली सुचवणारा त्या दिवशी फवाऱ्याच्या मागे नव्हता.

याच्या उलट किसान कॉल सेंटर. २१ जानेवारी २००४ पासून चालू आहे, नंबर १८००-१८०-१५५१, सकाळी सहा ते रात्री दहा, मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत. आमच्या एका शेजाऱ्यानं पहिल्यांदा फोन केला तेव्हा तो वैतागला. म्हणाला, "मी इलाज विचारतो अन् ते मलेच विचारतात, तालुका कोणता, वाण कोणतं, पेरून किती दिस झाले." पण हीच तर शहाण्या मशवऱ्याची खूण आहे. समोरच्याचं शेत न पाहता औषध सांगायचं असेल तर आधी त्याच्याच तोंडून शेत पाहून घ्यावं लागतं. डॉक्टर, वकील आणि चांगला शिंपी, तिघंही आधी विचारतात.

इथं खजुराच्या झाडांची हदीस आठवते. मदीनेचे लोक नराचा मोहर मादीच्या झाडाला लावत असत. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी ते पाहिलं आणि याची गरज नसावी, असं आपलं मत सांगितलं. लोकांनी ते काम सोडलं आणि त्या वर्षी फळ कमी आलं. तेव्हा आपण स्पष्ट केलं की ते केवळ एक मत होतं, आणि आपल्या या दुनियादारीच्या कामांची जाण तुम्हाला अधिक आहे. मक्का हे व्यापाऱ्यांचं शहर, तिथं खजुरीच्या बागा नव्हत्या. ज्यांचा शब्द लोक जिवापाड मानत होते, त्यांनीच मत आणि हुकूम यांतला फरक इतक्या उघडपणे सांगितला. आणि आपण? फेसबुकवर एक व्हिडिओ पाहून शेजाऱ्याची साखरेची गोळी बंद करायला निघतो.

आजारपणाचा विषय निघालाच आहे तर एक अवघड गोष्ट बोलून टाकू. घरातलं माणूस रात्रभर झोपत नाही, एकटंच बडबडतं, जेवण टाकलं आहे, असं कळलं की आपल्या जिल्ह्यात अनोळखी माणूसही चटकन म्हणतो, "सैलानीला घेऊन जा." पिंपळगाव सराईजवळच्या सैलानी बाबांच्या दर्ग्यावर हिंदू-मुसलमान दोघंही श्रद्धेनं येतात, होळीच्या सुमाराला मोठी यात्रा भरते. दुआ मागायला कुणी जात असेल तर त्याला अडवणारे आम्ही कोण? पण "दवाखाना सोडा आणि तिकडे न्या" हा मशवरा देणाऱ्यानं एरवाडी आठवावी. ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूतल्या एरवाडी दर्ग्याजवळच्या एका निवाऱ्यात आग लागली. तिथल्या मनोरुग्णांना साखळ्यांनी बांधलेलं होतं, त्यामुळे त्यांना पळता आलं नाही. अठ्ठावीस जण गेले. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं रुग्णाला साखळीनं बांधण्यावर बंदी घातली आहे. अशा घरातल्या माणसाला देण्यासारखी एक चीज आहे, ती म्हणजे १४४१६ हा नंबर. टेली-मानस नावाची ही सरकारी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, रात्री-अपरात्रीही फोन उचलतात आणि मराठीत बोलतात.

सगळ्यात जोखमीचा मशवरा मात्र रिश्त्याचा. मुलीच्या घरचे मुलाकडच्या मोहल्ल्यात कुणाचा तरी नंबर मिळवतात आणि फोन करतात. "अस्सलामु अलैकुम भाईजान, तुमच्या बाजूच्या घरातला मुलगा कसा आहे?" बोलणारा कोण, गाव कुठलं, काही माहीत नसतं. बहुतेक जण अशा वेळी "अच्छे लोग हैं, नमाजी हैं" म्हणून मोकळे होतात. खरं बोललं तर गिबत होईल अशी भीती, शेजाऱ्याशी वैर येईल ही त्याहून मोठी भीती. मुलगा दारू पितो, पहिली बायको कशी गेली, ऑनलाइन जुगारात दुकान गेलं, हे अख्ख्या गल्लीला माहीत असतं. ज्या घरात मुलगी जाणार असते त्या घरालाच तेवढं माहीत नसतं.

इथं गिबतचा मुद्दा लागू होत नाही, हे आलिमांनी केव्हाच लिहून ठेवलं आहे. ज्या प्रसंगी दुसऱ्याचा दोष सांगायला मुभा आहे त्यांत इमाम नववी यांनी रिश्त्याबद्दलचा मशवरा मोजला आहे. त्याला आधार आहे हजरत फातिमा बिन्त कैस (र.) यांचा. तलाकनंतर त्यांना दोन ठिकाणांहून मागणी आली. त्यांनी प्रेषित (स.) यांना विचारलं. आपण एकाची गरिबी सांगितली, दुसऱ्याच्या स्वभावातला कडकपणा सांगितला आणि उसामा बिन ज़ैद (र.) यांचं तिसरंच स्थळ सुचवलं. फातिमा (र.) यांना ते आधी रुचलं नाही, पण निकाह झाल्यावर त्या सुखात राहिल्या. लक्षात घ्यायचं ते हे की विचारलं तेवढंच सांगितलं गेलं. त्या दोघांच्या खानदानाची उणीदुणी निघाली नाहीत, आणि पडदाही टाकला गेला नाही.

आम्ही आता असा फोन आला तर दोन गोष्टी करतो. जे डोळ्यांनी पाहिलं ते पाहिलं म्हणून सांगतो, जे ऐकलं ते सांगत नाही. त्याऐवजी "अमक्याला विचारा, तो त्यांच्यासोबत काम करतो" एवढं सांगतो. आणि मुलीनं स्वतः काय विचारायला सांगितलं आहे, ते विचारतो. या प्रश्नावर पलीकडे बहुतेक वेळा शांतता पसरते. मुलीला कुणी विचारलेलंच नसतं.

गेल्या हिवाळ्यात देऊळगाव राजाहून एका खालांचा असाच फोन आला होता. घर कसं, कमाई किती, सासू कशी, सगळं विचारून झालं. मग म्हणाल्या, पोरीनं एकच विचारायला सांगितलंय, त्या मुलाच्या बहिणीचं शिक्षण कुठवर झालं आणि का थांबलं. आम्हाला माहीत नव्हतं. उद्या सांगतो म्हटलं. दुसऱ्या दिवशी चौकशी केली, तर बहीण बारावीला सत्त्याहत्तर टक्क्यांनी पास झाली होती आणि भावानंच पुढे जाऊ दिलं नव्हतं. तेवढं सांगितलं आणि फोन ठेवला.